अलिबाग वेधशाळा : मोजमापांची इंग्रजी परिभाषा

रायगड जिल्ह्यातील अलिबाग येथे १९०४ मध्ये भूचुंबकीय वेधशाळा सुरू झाली. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या होत्या आणि त्यांच्या विद्युतप्रवाहाने कुलाबा वेधशाळेच्या १८४१ पासूनच्या नोंदींची मालिका बिघडली असती. संचालक नानाभाई मूस यांनी नोंदींचे काम अलिबागला हलवले. इमारतीत लोखंड येऊ दिले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन जुनी व नवी मालिका जुळवून घेतली. एवढ्या निगुतीने मिळवलेल्या आकड्याला इंग्रजी लेखात चुकीचा शब्द जोडला, तर ती निगा वाया जाते.

‘व्हेरिएशन’ या शब्दाने किनाऱ्यावर हमखास घोळ होतो. खरी उत्तर दिशा आणि होकायंत्राची उत्तर दिशा यांमधील कोनाला दर्यावर्दी ‘व्हेरिएशन’ म्हणतात. सागरी नकाशांवरही तोच शब्द असतो. वेधशाळेत त्या कोनाला ‘डेक्लिनेशन’ म्हणतात आणि चुंबकीय क्षेत्रात काळानुसार होणाऱ्या बदलाला ‘व्हेरिएशन’. वेधशाळेच्या नोंदींवर लिहिताना यांपैकी दुसरा अर्थ धरावा.

फ्लक्सगेट व्हेरिओमीटर सतत नोंद घेतो, पण तो क्षेत्र किती बदलले एवढेच सांगतो. क्षेत्राचे मूळ मूल्य थिओडोलाइट आणि प्रोटॉन मॅग्नेटोमीटरने वेगळे मोजतात. त्याला ‘ॲब्सोल्यूट ऑब्झर्व्हेशन’ म्हणतात. त्याचा अर्थ निर्दोष निरीक्षण असा नव्हे. अलिबागचे आडवे क्षेत्र सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला आहे. त्यातला ०.१ नॅनोटेस्लाचा फरक उपकरणाने टिपला तर ते त्याचे ‘रिझोल्यूशन’. पुन्हापुन्हा मोजून तोच आकडा आला तर मोजमाप ‘प्रिसाइज’; पण मूळ मूल्याची आधाररेषाच ५ नॅनोटेस्लाने सरकलेली असेल तर ते ‘ॲक्युरेट’ नाही.

शब्दांच्या अशा घोळाचे सर्वांत बोलके उदाहरण २ सप्टेंबर १८५९ च्या चुंबकीय वादळाचे आहे. कुलाब्याला त्या दिवशी आडवे क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरले. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना, अमेरिकेतील ब्रूस त्सुरुतानी व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या नोंदींवर शोधनिबंध लिहिला आणि हा आकडा जगभर गेला. मग त्याची तुलना चुंबकीय वादळाची तीव्रता सांगणाऱ्या ‘डीएसटी’ निर्देशांकाशी होऊ लागली. डीएसटी मात्र चार वेधशाळांच्या ताशी सरासरीवरून काढतात. कुलाब्याच्या त्याच नोंदींची ताशी सरासरी घेतली, तेव्हा घट सुमारे ८५० नॅनोटेस्ला निघाली. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला एका क्षणाचा, म्हणजे ‘स्पॉट व्हॅल्यू’. दुसरा ‘अवर्ली मीन’. हे न लिहिता नुसता आकडा दिला की वादळ दुप्पट किंवा निम्मे होऊन बसते. शिवाय डीएसटीची मालिका १९५७ पासूनची असल्याने १८५९ च्या डीएसटीला ‘एस्टिमेटेड’ म्हणावे लागते. ‘ऑब्झर्व्ह्ड’ हा शब्द कुलाब्याच्या वाचनांनाच लागू पडतो.