गाडीच्या विम्यातला ‘सक्तीचा’ अपघात विमा: १५ लाखांचं कवच की खिशाला भुर्दंड?

दुचाकीचा विमा भरायला गेल्यावर बिलात एक ओळ हमखास दिसते, ‘सीपीए’ किंवा ‘पीए ओनर-ड्रायव्हर’. बरेच जण ती न वाचताच पैसे भरतात. काही जण एजंटशी वाद घालतात, “माझा मेडिक्लेम आहे, मग हा आणखी कशाला?”

मंडणगडसारख्या तालुक्यात हा प्रश्न नुसता बिलापुरता राहत नाही. म्हाप्रळ, बाणकोट, दापोली किंवा खेडकडे जाताना घाट आणि वळणं चुकत नाहीत. घरटी एखादी दुचाकी असते. अपघात मोठा असेल, तर रुग्णाला पुढे डेरवण, रत्नागिरी किंवा थेट मुंबई गाठावी लागते. मग या सक्तीच्या विम्यातून नेमकं काय मिळतं? आणि त्याला विरोध का झाला?

सीपीए म्हणजे काय?

सीपीए म्हणजे गाडीच्या मालक-चालकाचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार सक्ती आहे ती थर्ड पार्टी विम्याची. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर भरपाई त्यातून मिळते. गाडी चालवणारा मालक स्वतः ‘थर्ड पार्टी’ नसतो, त्यामुळे त्याला त्यातून काहीच मिळत नाही. ही पोकळी भरण्यासाठी सीपीए आहे.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हीच बाजू अधोरेखित केली. स्वतःच्या बेदरकारपणामुळे अपघात होऊन चालकाचा मृत्यू झाला, तर त्याच्या वारसांना थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

नाराजी कधी सुरू झाली?

२०१८ पर्यंत हा विमा नावापुरताच होता. दुचाकीसाठी १ लाख आणि कारसाठी २ लाख रुपयांचं कवच मिळायचं. हप्ता अनुक्रमे ५० आणि १०० रुपये. घरातला कमावता माणूस गेल्यावर एवढ्या रकमेत कुटुंबाचं काय होणार, हा मुद्दा मद्रास उच्च न्यायालयासमोर आला. ही रक्कम वाढवा, असे निर्देश न्यायालयाने दिले.

त्यानंतर विमा नियामक ‘आयआरडीएआय’ने सप्टेंबर २०१८ मध्ये परिपत्रक काढलं. कवच सरसकट १५ लाख आणि वार्षिक हप्ता ७५० रुपये. त्यावर तेव्हाचा १८ टक्के जीएसटी धरला, तर ८८५ रुपये.

दुचाकीवाल्यांसाठी ५० रुपयांचे एकदम ७५० झाले. त्या वर्षी ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता ७२० रुपये होता. म्हणजे जोडीला आलेला विमा मूळ विम्यापेक्षा महाग पडला. त्यातच सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा ५ वर्षांचा आणि नव्या कारचा ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घेणं बंधनकारक झालं होतं. शोरूममधलं बिल दोन्हीकडून फुगलं.

लोकांचे आक्षेप काय होते?

पहिला आक्षेप अगदी साधा होता. माणूस एक, गाड्या तीन, मग विमा तीनदा कशाला? एका वेळी तो एकच गाडी चालवणार. तरी स्कूटर, बाईक आणि कार अशा प्रत्येक पॉलिसीत ७५० रुपये धरले जात होते.

दुसरा आक्षेप म्हणजे, ज्याच्याकडे आधीच मोठा अपघात विमा आहे, त्यालाही सूट नव्हती.

मग बदललं काय?

हे आक्षेप नियामकाला मान्य करावे लागले. १ जानेवारी २०१९ पासून सीपीए गाडीच्या पॉलिसीपासून वेगळा घेण्याची मुभा मिळाली. आता नियम असा आहे:

• एकाच मालकाच्या अनेक गाड्या असतील, तर सीपीए एकदाच पुरतो.
• किमान १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीच असेल, तर सीपीए पुन्हा घ्यावा लागत नाही. तशी माहिती विमा कंपनीला द्यावी लागते.
• मालकाकडे वैध लायसन्स नसेल किंवा गाडी कंपनीच्या नावावर असेल, तर सीपीए लागू होत नाही.

हप्त्याचे दरही आता कंपनीनुसार वेगळे असतात. त्यामुळे बिलात ही रक्कम दिसली, तर “हा मी आधी घेतलाय” असं सांगून ती काढायला लावता येते.

यातून हॉस्पिटलचं बिल मिळतं का?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. सीपीए म्हणजे मेडिक्लेम नव्हे. मृत्यू झाला, दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे गेले किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर १०० टक्के रक्कम मिळते. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर ५० टक्के. पाय मोडून महिनाभर हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं, तर सीपीएमधून उपचारांसाठी एक रुपयाही मिळत नाही. दारू पिऊन गाडी चालवली असेल, तर दावा फेटाळला जातो.

उपचारांचा खर्च मग कोण करणार?

त्यासाठी केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी रस्ते अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना अधिसूचित केली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६२ मध्ये तिची तरतूद होती, पण योजना रखडली होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुदत घालून दिल्यावर ती आली.

या योजनेत अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, प्रति व्यक्ती दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त रुग्णालयांत मोफत मिळतात. नियुक्त नसलेल्या रुग्णालयात फक्त रुग्णाची प्रकृती स्थिर होईपर्यंतचे उपचार योजनेत बसतात. गाडी चालवणारा, मागे बसलेला आणि पादचारी, सगळेच यात येतात. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

इतर देशांत काय झालं?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने १९७३ पासून कार विम्यातच अमर्याद वैद्यकीय कवच सक्तीचं केलं होतं. जखमी माणसाला आयुष्यभर उपचार मिळायचे, पण हप्ते देशात सर्वाधिक महागड्यांपैकी झाले. लोकांच्या नाराजीनंतर २०१९ मध्ये कायदा बदलला आणि जुलै २०२० पासून कमी कवच निवडायची मुभा मिळाली. मात्र त्याच कायद्याने घरी दिल्या जाणाऱ्या शुश्रूषेचे दरही कापले. त्याचा फटका अंथरुणाला खिळलेल्या जुन्या रुग्णांना बसला. कायदा बदलण्याआधी जखमी झालेल्यांचे हक्क कापता येणार नाहीत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला.

थोडक्यात सांगायचं तर

सरकारी आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातले ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते. म्हणजे ज्यांना हा हप्ता सर्वाधिक खुपतो, त्यांनाच त्याची गरजही सर्वाधिक आहे. २०१८ मधली तक्रार चुकीची नव्हती, आणि तिच्यामुळेच दुहेरी वसुली थांबली. पण ‘सीपीए नको’ म्हणण्याआधी तीन गोष्टी तपासून बघा: १५ लाखांचा दुसरा अपघात विमा खरंच आहे का, लायसन्सची मुदत संपली तर नाही ना, आणि पॉलिसीत वारसाचं नाव बरोबर लिहिलंय ना?