घाट, मेटल आणि कानातली शिट्टी

शनिवार दुपार, बाहेर पाऊस, लॅपटॉपवरचं ऑफिसचं मेल बंद. बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आज एकदाचा लिहून टाकतो.

ऑफिसातल्या नव्या पोरांपैकी कोणीतरी दर महिन्या-दोन महिन्यांनी विचारतंच, "दादा, मेटल ऐकायला हेडफोन कुठला घेऊ? बेस दणदणीत पाहिजे." मी मॉडेलचं नाव सांगायचं टाळतो. पोरांना वाटतं हा भाव खातोय. खरं कारण इगतपुरीत आहे.

काही वर्षांपूर्वी मी धम्मगिरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेलो होतो. १९७६ पासून तिथे ही शिबिरं भरतात. फोन जमा करायचा, बोलायचं नाही, गाणी तर सोडूनच द्या. तिसऱ्या रात्री सगळे झोपले आणि मला एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. आधी वाटलं, स्टेशनात इंजिन उभं असेल. इगतपुरीत असं वाटणं साहजिकच! मग वाटलं, ट्रान्सफॉर्मर. शेवटी दोन्ही कानांत बोटं घातली तर शिट्टी आणखी मोठी झाली. आवाज बाहेर नव्हताच. मौनामुळे कोणाला सांगायचीही सोय नव्हती, त्यामुळे उरलेले सात दिवस मी आणि शिट्टी.

परत आल्यावर कान तपासले. आलेखाची रेघ बरी सरळ चालली होती आणि ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात पडली होती. डॉक्टरांनी विचारलं, "कारखान्यात काम करता का?" मी म्हटलं, "नाही हो, कंप्युटरवर." पण कारखाना होता. त्याचं नाव पंचवटी एक्सप्रेस.

नोकरी मुंबईत, घर नाशिकला. शुक्रवारी संध्याकाळी पंचवटी, खिडकीची जागा मिळाली तर उत्तम, आणि कानात मेटल. कसाऱ्याला मागे बँकर इंजिनं लागायची आणि थळ घाट सुरू व्हायचा. १८६५ साली सुरू झालेला हा रेल्वेमार्ग, सदतीसास एक असा चढ, आणि एकामागून एक बोगदे. उघड्या खिडक्यांतून बोगद्याचा आवाज आत आला की गाण्यातला बेस गायब व्हायचा. मी आवाज वाढवायचो. पुढचा बोगदा, आणखी वाढवायचो. मग इगतपुरीला गाडी थांबायची, वडेवाले चढायचे, आणि समोरचे काका माझ्याकडे टक लावून बघायचे. माझ्या कानातली "च्यिक-च्यिक" त्यांनाही ऐकू जायची. तो आवाज घाटात मला अगदी बेताचा वाटलेला असायचा.

ही गंमत समजून घ्यायला जरा मागे जावं लागेल.

मेटलचा खर्ज एका अपघातातून आला असं म्हटलं तरी चालेल. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने प्लास्टिकची टोपणं करून ती बोटांवर चढवली, गिटारला हलक्या तारा लावल्या, आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' मध्ये काही गाण्यांना तारा तीन सुरांनी सैल केल्या. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते, ती आली ६९ वर. बोटांना ताण कमी आणि आवाज भयंकर जड. पुढच्या पिढ्या आणखी खाली गेल्या.

हेडफोनचा इतिहास मात्र उलट्या टोकाने सुरू होतो. १९१० च्या सुमारास अमेरिकेत यूटाच्या नथॅनियल बाल्डविनने स्वयंपाकघरात बसून हेडफोन बनवले आणि नौदलाला विकले. ते तारायंत्राची टिकटिक ऐकायला होते, बेसशी संबंध शून्य. १९५८ मध्ये जॉन कॉसने संगीतासाठी स्टीरिओ हेडफोन आणले. १९६८ चा सेनहायझरचा एचडी ४१४ उघड्या पाठीचा, पिवळ्या फोमचा. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि तोच पातळ फोम जगभर पसरला. आपल्याकडे तो दुबईच्या मामांच्या सुटकेसमधून आला. मोकळा, हलका, छान. फक्त त्यातून बेस बाहेर गळायचा आणि गाडीचा खडखडाट आत शिरायचा.

मग आपल्याकडच्या मंडळींनी मेटलचा बेस ऐकला कुठे? तर रंगभवनात. धोबी तलावाला सेंट झेविअर्स कॉलेजच्या शेजारी उघड्यावरचं प्रेक्षागृह. १९७८ ची जॅझ यात्रा तिथलीच, आणि १९८६ पासून फरहाद वाडियाचा 'इंडिपेंडन्स रॉक'ही तिथे. कॉलेजात असताना मी एकदा गेलो होतो. बास ड्रम वाजला की शर्ट हलायचा, बरगड्यांना कळायचं. दगडी पायऱ्यांवर काळ्या टी-शर्टातली हजारो पोरं. बेस कानाने ऐकायचा नसतोच, असं त्या दिवशी वाटलं होतं. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र आखता येऊ लागलं. रंगभवनाच्या शेजारी कॉलेज आणि जवळच रुग्णालय, त्यामुळे काही वर्षांतच तिथलं रॉक बंद झालं. रुग्णांच्या बाजूने विचार केला तर तक्रार करता येत नाही. तरी वाईट वाटतंच.

२००८ मध्ये फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला आयर्न मेडन वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेले, तेव्हा पुन्हा एकदा बरगड्यांनी ऐकलं. एरवी मात्र छातीतला तो दणका आम्ही कानाच्या भोकातून मागायला लागलो, आणि तोही घाटातल्या बोगद्यात.

आता जरा इंजिनिअरगिरी. १९३३ मध्ये बेल लॅब्सच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवलं की आवाज कमी असताना आपल्या कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात. म्हणून बेस हवा की हात आपोआप आवाज वाढवायला जातो. त्यात गाडीची घरघर नेमकी बेसच्याच पट्टीत येते आणि त्याला झाकून टाकते. तुम्ही बेससाठी आवाज वाढवता, पण वाढतं सगळंच. झांजा, गिटारची करवत, सगळं. कान त्या ३-४ हजार हर्ट्झच्या भागातच सगळ्यात हळवा, आणि माझा खड्डा तिथेच पडला.

"दणदणीत" या शब्दातही घोळ आहे. हिपहॉपचा बेस लांब घुमतो. मेटलचा बेस म्हणजे मुख्यतः डबल बास ड्रम. २०० च्या लयीत मात्रेला चार ठोके धरले तर दोन ठोक्यांत ७५ मिलिसेकंद. हेडफोनचा पडदा तेवढ्यात थांबला नाही, तर पुढचा ठोका आधीच्याच्या अंगावर पडतो आणि ड्रमचा भात होतो. म्हणजे बेस भरपूर असण्यापेक्षा तो वेळेवर थांबणारा हवा. शिवाय ठोक्याची धार वरच्या ३-५ हजार हर्ट्झमध्ये असते. ती दाबून नुसता खालचा भाग फुगवला तर ठोका राहत नाही, उशीवर बुक्की मारल्यासारखं वाटतं. मेटॅलिकाच्या १९८८ च्या '...अँड जस्टिस फॉर ऑल' साठी तर कितीही पैसे घाला, जेसन न्यूस्टेडचा बास मिक्समध्येच इतका दाबलाय की ऐकू येणार नाही. तो हेडफोनचा दोष नव्हे.

राहिली बोगद्याची गोष्ट. १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानातल्या आवाजाने हेडफोनमधलं संगीत बुडालं, तेव्हा अमर बोस यांनी उलटा आवाज सोडून घरघर मारण्याचं गणित तिथेच मांडायला घेतलं. वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये आला, सामान्य प्रवाशांसाठीचा २००० मध्ये. ही युक्ती खालच्या सुरांवरच सगळ्यात चांगली चालते, म्हणजे नेमकी गाडीच्या घरघरीवर. मला ही माहिती होती. तेव्हा किंमत बघून पुढे गेलो, हेही खरं.

तर आता पोरांना एवढंच विचारतो: ऐकणार कुठे? घरी शांततेत ऐकणार असाल तर बंद पाठीचा कुठलाही बरा हेडफोन चालेल, फक्त चष्म्याच्या काडीमुळे गादीला फट पडत नाही ना ते बघा, कारण त्या फटीतून बेस पळतो. गाडीत ऐकणार असाल तर आधी बाहेरचा आवाज अडवा: फोमच्या बोंडांचे कानात घट्ट बसणारे, किंवा घरघर मारणारे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ अर्धा होतो. ८९ ला उरतात ५ तास. माझ्या दोन शुक्रवारांपेक्षाही कमी असावेत.

गेल्या महिन्यात नाशिकहून येताना इगतपुरीला गाडी थांबली, तेव्हा डबा शांत असतानाच आवाज लावला आणि फोन खिशात ठेवला. कसारा येईपर्यंत हात लावला नाही. डबल बास ऐकू येत होता. शिट्टीही होतीच.