रणगाडावाहू वाहनांची आस व सस्पेन्शन-रचना : दुसऱ्या महायुद्धातील निवडींचा अभ्यास

लष्करी इतिहासलेखनात रणगाड्यांच्या तोफा व चिलखत यांची चर्चा विपुल आढळते. परंतु रणगाडा रणभूमीपर्यंत वाहून नेणाऱ्या वाहनाची सहसा उपेक्षाच होते. वस्तुतः रणगाडा लांबच्या प्रवासात स्वतःलाच झिजवतो. त्याचे पट्टे, इंजिन व गिअर लढाईपूर्वीच निकामी होऊ नयेत म्हणून तो ट्रेलरवर लादावा लागतो. बिघडलेला रणगाडा मागे आणण्यासही हीच वाहने लागतात. वीस ते चाळीस टनांचा हा भार कोणत्या आसांवर व कशाच्या आधाराने तोलावा, या प्रश्नाची तीन उत्तरे प्रस्तुत निबंधात तपासली आहेत. (सस्पेन्शनसाठी ‘निलंबन’ हा पारिभाषिक शब्द उपलब्ध आहे, परंतु महाविद्यालयीन वाचकाच्या मनात तो भलताच अर्थ जागवतो, म्हणून तो टाळला आहे.)

पहिले उत्तर ब्रिटनमधील वॉटफर्ड येथील स्कॅमेल कंपनीचे. ऑलिव्हर नॉर्थ या अभियंत्याने १९२७ साली आखलेली ‘पायोनिअर’ ही गाडी मुळात रस्ते नसलेल्या प्रदेशांसाठी होती. तिला मागे एकच आस होती. आसेच्या दोन्ही टोकांना दातेरी चाकांनी भरलेली एकेक लांबट पेटी, आणि पेटीच्या पुढच्या व मागच्या टोकास एकेक चाक. तराजूच्या दांडीप्रमाणे ही पेटी मधोमध झुलत असे. एक चाक खड्ड्यात उतरले की त्याचे जोडीदार चाक वर उचलले जाई, आणि चारही चाके जमिनीला घट्ट धरून राहत. चाकांची ही उभी हालचाल सुमारे दोन फुटांची होती. पुढची आसही मध्यबिंदूवर झुलणारी असून तिला एकच आडवा कमानपाटा होता. त्यामुळे पुढच्या आसेला चालना नसतानाही ही गाडी अत्यंत खडबडीत भूमीवर चालू शके. रचनेच्या सौंदर्यात तिची बरोबरी करणारे वाहन त्या काळात क्वचितच सापडेल.

मात्र युद्धाने सौंदर्याची कदर केली नाही. पायोनिअरचे गार्डनर डिझेल इंजिन सुमारे १०२ अश्वशक्तीचे, आणि तिच्या मोठ्या रणगाडावाहू प्रकाराची क्षमता ३० टन. शर्मन रणगाडा त्या मर्यादेशी येऊन ठेपणारा, तर चर्चिल ती सरळ ओलांडणारा होता. शिवाय अशी खास घडणीची दातेरी रचना झपाट्याने व मोठ्या संख्येने निर्माण करणे सोपे नव्हते.

म्हणून ब्रिटिश खरेदी मंडळाने अमेरिकेकडे मागणी नोंदविली, आणि शिकागोच्या डायमंड टी कंपनीने १९४१ पासून ‘९८०’ हा ओढगाडा पुरविला. त्याच्या १४.७ लिटरच्या हर्क्युलिस इंजिनाची शक्ती पायोनिअरच्या जवळजवळ दुप्पट होती. आस व कमानपाटे मात्र व्यापारी ट्रकच्या परिचित पद्धतीचे. येथील खरी निवड वेगळीच आहे. पायोनिअरच्या अर्ध-ट्रेलरचा काही भार ओढगाड्याच्या मागील चाकांवर येई. डायमंड टीच्या मागचा रॉजर्स ट्रेलर मात्र स्वतःच्या २४ चाकांवर सारा भार वाही, आणि ओढगाड्याच्या चाकांना पकड मिळावी म्हणून त्याच्या हौद्यात निराळे वजन भरावे लागे. बिनकामाचे वजन वाहणे हे वरकरणी अव्यवहार्य वाटते. परंतु त्यामुळेच साधी आस पुरेशी ठरली. ९८० व ९८१ मिळून सुमारे ५,८०० गाड्या तयार झाल्या. वाळवंटापासून युरोपपर्यंत त्या वापरल्या गेल्या, त्या उत्कृष्ट सस्पेन्शनच्या बळावर नव्हे.

तिसरे उत्तर अमेरिकी सैन्याचे. १९४३ च्या सुमाराचा एम-२६ हा चिलखती ओढगाडा पुन्हा अर्ध-ट्रेलरकडे वळला. २४० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, सहाही चाकांना चालना, आणि मागे पुन्हा झुलते दांडे. फक्त दातेरी चाकांच्या जागी साखळ्या. नॉर्थने योजलेले तत्त्वच येथे वेगळ्या मार्गाने अवतरले, असे प्रस्तुत लेखकास वाटते. प्रत्यक्ष अनुकरणाचा दावा मात्र करता येणार नाही.

युद्धानंतरही ब्रिटिश सैन्याने डायमंड टी दीर्घकाळ वापरली. १९५० नंतरच्या दशकात तिच्या जोडीला आलेला थॉर्निक्रॉफ्ट ‘अँटार’ मुळात मध्यपूर्वेत तेलवाहिनीचे नळ वाहण्यासाठी आखलेला होता, आणि चालना त्याच्याही मागील चारच चाकांना होती.