मायावरण, मरळीचे
भक्ष्याला सुगावा लागू न देता ते टिपण्यासाठी अंगाचा रंग परिसरात मिसळून टाकण्याची रीत. अहिल्यानगर जिल्ह्यातून वाहणाऱ्या गोदावरीच्या खोऱ्यातील मरळ (चन्ना मरुलियस, हॅमिल्टन, १८२२) हे याचे उत्तम उदाहरण. पाठ गडद हिरवट-तपकिरी, कुशीवर काळपट डाग, पोट फिकट; त्यामुळे पाणवनस्पतींत निश्चल थांबलेली मरळ सहजी नजरेस पडत नाही. लहान मासा वा बेडूक टप्प्यात आला की ती झडप घालते. त्वचेतील रंगद्रव्यपेशींमुळे गढूळ पाण्यात ती फिकट, तर स्वच्छ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात गडद दिसते. ॲमेझॉन खोऱ्यातला पर्णमासा वाळक्या पानाचे सोंग घेतो. ती खरी अनुकृती. मरळीचे कसब लपण्याचे आहे, पण कमी प्रतीचे मुळीच नाही. शेपटीच्या बुडाशी असलेला फिकट कडेचा काळा ठिपका ही तिची ओळखखूण होय.