सागाचा शिक्का आणि संगणकाची किल्ली



बल्लारशाच्या किंवा आलापल्लीच्या लाकूड डेपोत जो कोणी गेला असेल, त्याने सागाच्या लठ्ठ्याच्या तोंडावर उमटलेली हातोड्याची छाप पाहिली असेल. वनखात्याच्या हातोड्यावर खूण कोरलेली असते. घाव घातला की ती लाकडात उतरते. छाप आहे, सोबत वाहतुकीचा परवाना आहे, तर गाडी नाक्यावरून पुढे जाते. नाही तर उभी राहते. आता तसलाच हातोडा लोहाराकडून करून घेतला तर? हा विचार माणसाच्या डोक्यात इतका जुना आहे, की १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात त्यासाठी ६३ वे कलम घालावे लागले. लबाडीने लाकडावर खोटी छाप मारणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

आज बोलायचे आहे ते मात्र लाकडाविषयी नव्हे, संगणकाविषयी. संगणक म्हणजे नुसता सांगाडा. त्याला जागे करणारा, पडदा, कळफलक आणि छपाईयंत्र यांना कामाला लावणारा एक मूळ कार्यक्रम आत असावा लागतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्या शाळांत आणि ग्रामपंचायतींत ती बहुधा विंडोज असते. तालुक्याच्या गावी दुरुस्तीला संगणक नेला, की दुकानातला पोरगा विचारतो, "गुरुजी, ओरिजनल टाकू का साधी टाकू जी?" साधी म्हणजे चोरीची, हे सांगायला नको. शब्द मात्र किती गरीब निवडला आहे पाहा!

चोरीच्या सागाचा खुंट रानात राहतो. बीटगार्ड तो मोजतो आणि चोरी कळते. कार्यक्रमाच्या चोरीला खुंटच नसतो. मूळ प्रत जागच्या जागी राहते आणि नक्कल अगदी तिच्यासारखीच निघते. म्हणून ही चोरी ओळखायची कशी, हा प्रश्न संगणक घरोघरी जाण्याच्या आधीच उभा राहिला. १९७५ साली अमेरिकेत अल्टेअर नावाचा छोटा संगणक निघाला होता. त्याच्यासाठी बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी लिहिलेला बेसिक हा कार्यक्रम कागदी फितीवर भोके पाडून मिळे. हौशी मंडळींनी त्या फितीच्या नकला करून एकमेकांना वाटल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये वीस वर्षांच्या गेट्सने त्यांना उघड पत्र लिहिले, की अल्टेअरवाल्यांपैकी दहा टक्के लोकांनीसुद्धा बेसिक विकत घेतलेले नाही, आणि तुमच्यातले बहुतेक जण चोरी करता. पत्राने खळबळ उडाली. नकला थांबल्या नाहीत.

आपला कॉपीराइट अधिनियम १९५७ चा. २१ जानेवारी १९५८ पासून तो अमलात आला. त्यात पुस्तके होती, गाणी होती, चित्रपट होते; संगणकाचा मागमूस नव्हता. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचा कार्यक्रम हा 'साहित्यकृती' ठरला. म्हणजे कायद्याच्या फडताळात तो कथाकादंबऱ्यांच्या शेजारी जाऊन बसला. मग १९९४ ची दुरुस्ती आली, ती १० मे १९९५ पासून लागू झाली. तिने जुन्या ६३ व्या कलमाच्या जवळच ६३-ब हे नवे कलम आणले. (योगायोगाने इथेही आकडा ६३ च.) चोरीची प्रत आहे हे जाणून ती संगणकावर वापरणाऱ्यालाही किमान सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद, शिवाय ५० हजार ते २ लाख रुपये दंड ठरला. वापर धंद्यासाठी नसेल, तर विशेष कारण नमूद करून न्यायालयाने कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर भागवावे, अशी सवलतही ठेवली. 'जाणून' हा शब्द ध्यानात ठेवावा. विकत घेतलेल्या प्रतीची एक राखीव प्रत सांभाळून ठेवण्यास मात्र कायद्याची आडकाठी नाही.

कायदा झाला, पण पकडणार कसे? इथून पुढची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी आपल्या वैद्यकीय कार्यक्रमाच्या चोरून केलेल्या नकला शोधण्यासाठी फ्लॉपीत शिरून बसणारा एक चिमुकला कार्यक्रम लिहिला, असे त्यांचे म्हणणे. त्यात स्वतःचे नाव, पत्ता, फोन नंबर सारे घातले होते. तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उड्या मारीत अमेरिकेत पोहोचला आणि 'ब्रेन' या नावाने आयबीएम पीसी जातीच्या संगणकांवरचा पहिला विषाणू म्हणून ओळखला जाऊ लागला. चोर धरायला सोडलेला कुत्रा गावभर चावत सुटला, असा प्रकार.

विंडोजच्या मालकांनी, म्हणजे मायक्रोसॉफ्टने, आधी हातोड्याचाच मार्ग धरला. डब्यावर चमकणारी चिठ्ठी आणि तिच्यावर २५ अक्षरांची किल्ली. चिठ्ठ्या नकली निघाल्या, किल्ल्या तर तोंडी सांगता येत. तेव्हा ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या एक्सपी या विंडोजने किल्ली त्या-त्या यंत्राशी बांधली. तीस दिवसांत कंपनीच्या वहीत नोंद केली नाही, तर यंत्र काम देईना. इंटरनेट नसेल त्याने ५० आकडी क्रमांक फोनवर वाचून दाखवावा, असा नियम होता. नेटवर्कच नाही अशा गावातल्या मास्तरांनी तो वाचायचा कुणाला? इतका बंदोबस्त करून मोठ्या कचेऱ्यांच्या सोयीसाठी मात्र नोंद न लागणारी एक जात ठेवली होती. तिचीच किल्ली एक्सपी बाजारात येण्याआधी फुटली आणि देशोदेशीच्या दुकानांतल्या सी.डी.वर पेनाने लिहिली गेली. २००२ च्या दुरुस्तीसंचाने ती किल्ली नाकारली. लोकांनी दुसरी शोधली.

म्हणजे छाप लाकडावरून उठून वहीत गेली. आता वहीवाला रोज घरी येऊन विचारू लागला. जुलै २००५ पासून मायक्रोसॉफ्टकडून इतर काही उतरवून घ्यायचे तर आधी आपली विंडोज खरी आहे हे दाखवणे भाग पडले. २००६ मध्ये पडद्यावर सूचना झळकू लागली, की आपण बनावट सॉफ्टवेअरचे बळी असू शकता. हा तपासनीस दररोज मालकाशी गुपचूप बोलतो, हे त्याच वर्षी जूनमध्ये उघडकीला आले. बोभाटा झाला तेव्हा कंपनीला ते कमी करावे लागले. आणि २४ ऑगस्ट २००७ ला तर तपासनीसाच्या घरचीच यंत्रे बिघडली. सुमारे १९ तास, पैसे मोजून घेतलेल्या विंडोजलाही तो 'खोटी' म्हणत राहिला. कंपनीच्या हिशेबाने बारा हजारांहून कमी संगणक होते. आकडा फार नाही. पण नाक्यावरच्या शिपायानेच वही हरवावी आणि गाडीवाल्याला चोर म्हणावे, हे कुणाला रुचेल?

या सगळ्यातून जे नुकसान झाले, ते वेगळ्याच वाटेने. महत्त्वाच्या सुरक्षा-दुरुस्त्या मायक्रोसॉफ्ट नकली प्रतींनाही देत असे. परंतु तपासनीस आत येईल या धास्तीने लोकांनी दुरुस्त्या येण्याचे दारच बंद करून टाकले. दुकानदारही 'अपडेट बंद ठेवा' असे बजावून संगणक परत करीत. २३ ऑक्टोबर २००८ ला एका मोठ्या भगदाडाची दुरुस्ती निघाली होती. नोव्हेंबरात त्याच भगदाडातून कॉन्फिकर नावाचा विषाणू जगभर लाखो यंत्रांत शिरला. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हाही दुरुस्ती दोन महिने आधी निघालेली होती. आणि सप्टेंबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने चीनमधली एक तपासणी जाहीर केली: बाजारातून वीस नवे संगणक विकत घेतले, विसांतही विंडोज नकली, आणि चारांत विषाणू आधीपासूनच भरलेला. तपासणी करणारी कंपनी स्वतःच्या मालाची कैवारी आहे, हे लक्षात घेऊनही ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

इथे गुरुजनांपुढे माझे म्हणणे ठेवतो. 'अस्सल' या शब्दात दोन प्रश्न आहेत आणि आपण ते एकत्र कालवतो. पहिला, हक्क आहे का? दुसरा, कुणी आत हात घातला आहे का? सागावरची छाप पहिल्याचेच उत्तर देते. लठ्ठा आतून पोकळ आहे की भरीव, ते छाप सांगत नाही. त्यासाठी जाणकाराला टिचकी मारून पाहावे लागते. संगणकाच्या किल्लीचेही तसेच. मालकाने सारा खटाटोप पहिल्या प्रश्नासाठी केला, कारण त्याचा पैसा तिथे होता. शाळेतल्या मुलांच्या नोंदी, त्यांचे दाखले, पगारपत्रके यांना धोका दुसऱ्या प्रश्नात आहे.

हक्काच्या प्रश्नाचेही एक निराळे उत्तर निघाले आहे आणि ते गडचिरोलीकरांना चटकन समजावे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना मात्र खातेच देणार, अशी गाठ होती. २७ एप्रिल २०११ ला परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा हक्क खरा झाला. संगणकात रिचर्ड स्टॉलमनने १९८३ साली जाहीर केलेले जीएनयू आणि लिनस टॉरवाल्ड्सचे १९९१ चे लिनक्स यांनी हेच केले: नक्कल करा, वाटा, बदला, असा परवाना लेखकानेच सोबत दिला. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये बॉस ही लिनक्सची भारतीय आवृत्ती काढली. मुंबईच्या आयआयटीने अशा कार्यक्रमांचे बोलके धडे मराठीतही केले आहेत. शिकायला थोडा वेळ जातो, आणि काही सरकारी कामांचे कार्यक्रम विंडोजवाचून चालत नाहीत, ही अडचण खरी.

अशा मोकळ्या प्रतीला चोरीची म्हणता येत नाही, पण तिच्यातही कुणी विष कालवू शकतो. म्हणून तिचे कर्ते सबंध फायलीवरून गणिताने काढलेली ६४ अक्षरांची एक ओळ जाहीर करतात. फायलीतला एक ठिपका बदलला तरी ओळ पार बदलते. आपल्या यंत्रावर ती ओळ आपणच काढून ताडून पाहायची. कुणाच्या वहीत नाव लागत नाही, कुणाला फोन करावा लागत नाही. हीच ती टिचकी. मोठ्या कंपन्याही आता आपल्या फायलींची अशी ओळ देतात.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्यांची मुदत संपली, आणि शाळांतल्या कित्येक जुन्या यंत्रांना विंडोज ११ नियमाने चढत नाही. तेव्हा दुकानातला पोरगा पुन्हा 'साधी' पुढे करणारच. किल्ली दिली तर त्याच्याकडून बिल घ्यावे. लिनक्स घालायचे ठरले, तर नेट हळू असल्यास फाईल तालुक्याहून पेनड्राइव्हवर आणण्यास हरकत नाही. ती ६४ अक्षरांची ओळ मात्र कर्त्यांच्या मूळ ठिकाणावरूनच, मुलांकडून वहीत उतरवून घ्यावी, आणि एकाने वाचायची, दुसऱ्याने पडद्यावर पाहायची, अशी वर्गातच ताडून पाहावी.