जलसंगीचा फुगा आणि दीर्घिकांची लुकलुक

जानेवारी 2025 मध्ये आपल्या बीदर जिल्ह्यातल्या जलसंगीत आकाशातून एक प्रचंड फुगा उतरला आणि गाव घाबरले. जलसंगी आपल्याला ठाऊक ती मंदिराच्या भिंतीवर शिलालेख लिहिणाऱ्या चालुक्यकालीन शिल्पसुंदरीमुळे. फुगा मात्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद केंद्रातून सुटलेला होता.

या फुग्यांचा इतिहास जुना आहे. अवकाशातले क्ष-किरण वातावरणात शोषले जातात, जमिनीवर पोहोचत नाहीत. म्हणून 1960 च्या दशकाअखेर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हैदराबादहून फुग्यांना उपकरणे बांधून ती वर पाठवली. पण फुगा तरंगणार काही तास, आणि जे पाहायचे त्याला हवेत दिवस.

काही दीर्घिकांच्या केंद्रात महाकाय कृष्णविवर वायू गिळत असते. तिथून येणारे क्ष-किरण काही तासांतही कमीजास्त होतात. एखादे तेज तासाभरात दुप्पट झाले, तर त्याचा उगम साधारणपणे प्रकाशाच्या एका तासाच्या वाटेहून, म्हणजे 108 कोटी किलोमीटरहून, मोठा नसावा. सूर्य आपल्यापासून 15 कोटी किलोमीटर दूर आहे. अख्ख्या दीर्घिकेशी टक्कर देणारे तेज एवढ्याशा जागेतून! मला यातले गणित नव्हे, हा हिशेबाचा साधेपणा थक्क करतो.

1983 साली सुटलेल्या युरोपीय एक्सोसॅट उपग्रहाची प्रदक्षिणा सुमारे 90 तासांची होती, त्यामुळे सलग टक लावता आली. या लुकलुकीत घड्याळासारखा ठेका सापडला नाही. मंद चढउतार मोठे, जलद चढउतार लहान.

मग कारण काय? कृष्णविवराभोवतीच्या चकतीत वायूचा ओघ कमीजास्त होतो, ते हेलकावे आत सरकत जवळच्या अतितप्त वायूपर्यंत, म्हणजे कोरोनापर्यंत, पोहोचतात, असे आज बहुतेक मानतात. पण एनजीसी 1365 या दीर्घिकेने घोळ घातला. तिथे ढगच मध्ये येऊन प्रकाश अडवतात. दिवा मिणमिणतो की समोरून कोणी जाते, हे कसे ओळखावे? ढग कमी ऊर्जेचे किरण जास्त अडवतो. तेव्हा कमी आणि जास्त ऊर्जेचे किरण एकाच वेळी मोजायला हवेत.

28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर नेमकी ही सोय होती. त्याच्या क्ष-किरण उपकरणांपैकी महत्त्वाची टाटा संस्थेतच घडली, आणि पुण्याच्या आयुकात त्याची निरीक्षणे अभ्यासली जातात. एकेकाळी आपल्या शिवारांवरून वाहत जाणाऱ्या फुग्यांवर ज्या संस्थेचा हात बसला, तिचेच हे पुढचे काम.