न जळणारे लाकूड

लाकूड जळते हे कुणी कुणाला सांगावे लागत नाही. तरी अमेरिकेत सर्वाधिक चालणारी 'इंटरनॅशनल बिल्डिंग कोड' ही बांधकाम संहिता (पहिली आवृत्ती २००० सालची) उघडून पाहिली, तर एक गंमत दिसते. तिथे इमारतींचे पाच प्रकार आहेत आणि त्यांतले पहिले दोन 'न जळणारे' म्हणजे पोलाद, काँक्रीट, वीट यांचे. पण तीच संहिता आपल्या ६०३ व्या कलमात या न जळणाऱ्या इमारतींत लाकूड कुठे कुठे चालेल तेही सांगते, आणि त्यात छप्पर आहे! उंच इमारतींसाठी काही बंधने सोडली तर अट एकच: लाकडात आगरोधक रसायन मुरवलेले हवे.

आपल्याला यात फार नवल वाटू नये. चिऱ्यांच्या भिंती, वर फणसाचे किंवा माडाचे वासे, त्यांवर रिपा आणि कौले, ही आपली घरे तरी काय वेगळी आहेत? भिंत जळत नाही, कौल जळत नाही, मधला सांगाडा मात्र लाकडाचा.

छपराला ही सवलत मिळण्यामागे जुना इतिहास आहे. १६६६ च्या आगीत लंडन खाक झाले. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने बाहेरच्या भिंती विटेच्या किंवा दगडाच्या केल्या. छपराचा सांगाडा मात्र लाकडीच राहिला, कारण तेवढे अंतर पेलणारे, माणसांना उचलून चढवता येणारे दुसरे साहित्यच त्या काळी नव्हते. मग आग एका छपरावरून दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून १७०७ च्या कायद्याने शेजाऱ्यांमधली सामाईक भिंत छपराच्याही वर १८ इंच उचलायला लावली. लंडनच्या जुन्या घरांच्या रांगांवर दर घरामागे हे विटेचे बांध दिसतात, ते शोभेचे नाहीत.

लाकूडच न पेटणारे करता आले तर? १८२१ मध्ये गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हा प्रयोग कापडावर केला. नाटकगृहांतले पडदे फार पेटत म्हणून राजा अठराव्या लुईने त्याला कामाला लावले होते. अमोनियमचे क्षार आणि टाकणखार यांचे त्याचे मिश्रण इतके नेमके होते की त्याच कुळातली रसायने अजून वापरात आहेत. पुढे लाकूड मोठ्या लोखंडी नळकांड्यात घालून, आतली हवा काढून, दाबाने रसायन आत मुरवण्याची पद्धत आली. १८९९ मध्ये न्यूयॉर्क शहराने बारा मजल्यांहून उंच इमारतींत असे लाकूड सक्तीचे केले.

हे रसायन आग विझवत नाही. ते लाकडाला नेहमीपेक्षा कमी तापमानालाच कोळसा व्हायला लावते. पेटणारा वायू सुटण्याऐवजी कोळसा आणि पाणी अधिक तयार होते, आणि ज्योतीला खाद्य उरत नाही. हे काम तापल्यावर तयार होणारे आम्ल करते. एवढे ध्यानात ठेवा, कारण खरी गोष्ट इथून सुरू होते.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या पूर्व भागात एकाला एक चिकटून घरांच्या रांगा झपाट्याने उठत होत्या. सामाईक भिंत छपरावर काढायची म्हणजे वीट, गवंडी, शिवाय सांध्यातून गळती. बांधणाऱ्यांना पर्याय मिळाला. बांध नको असेल, तर भिंतीच्या दोन्ही बाजूंना चार-चार फूट छपराची फळी आगरोधक प्लायवूडची घाला. १७०७ पासून चालत आलेली वीट अशी एका प्लायवूडच्या पट्ट्याने हटवली. त्याच सुमारास, १९८० च्या आसपास, बाजारात नवी रसायने आली होती. जुनी हवेतले पाणी ओढत आणि खिळे गंजवत. नव्यांत तो दोष कमी होता. सगळे खूश.

काही वर्षांतच छपरे दबू लागली. वर गेलेल्या कामगाराचा पाय फळीतून आरपार जाऊ लागला. प्लायवूड काळसर तपकिरी होऊन बिस्किटासारखे चुरत होते. आग कुठेच लागली नव्हती.

गडद रंगाच्या डांबरी पत्र्यांखाली, थेट फळीवर, उन्हाळ्यात ६५ ते ७५ अंशांपर्यंत तापमान जाते. आग लागल्यावर जागे व्हायचे ते आम्ल या उन्हातच हळूहळू काम करू लागले होते. ज्योत नव्हती, पण लाकडाचे तंतू आतून तुटत होते. आपल्या कौलांच्या फटींतून वारा खेळतो. तिथे उष्णता फळीला धरून बसली होती.

माझ्या मते चूक रसायनाची कमी आणि प्रश्नपत्रिकेची जास्त होती. असे लाकूड २५ फुटी बोगद्यात ज्योतीसमोर तपासत. एरवी दहा मिनिटांची परीक्षा याच्यासाठी तीस मिनिटांची केली होती आणि ज्योत ठरलेल्या अंतरापुढे गेली नाही की पास. तीस मिनिटांच्या आगीचे उत्तर मिळत होते. छपराला मात्र तीस उन्हाळे काढायचे होते, आणि ते कुणी विचारलेच नव्हते.

मग जे होते तेच झाले. बांधणारे प्लायवूडवाल्यांकडे बोट दाखवू लागले, प्लायवूडवाले रसायनवाल्यांकडे, आणि घरमालक कोर्टाच्या पायऱ्या चढू लागले. न्यू जर्सी राज्याने १९९१ मध्ये कायदा करून नव्या घरांच्या हमी-निधीतून या छपरांच्या दुरुस्तीला पैसे दिले. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन येथील सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेने लाकडाचे नमुने महिनोन्महिने उष्ण, दमट हवेत ठेवून त्यांची ताकद मोजली. त्यातून १९९० च्या दशकात नवी चाचणी ठरली. आता आगरोधक लाकडाला ज्योतीची परीक्षा आहेच. त्याशिवाय उष्णतेने त्याची ताकद किती घटते ते मोजून तेवढा भार कमी धरावा लागतो.

बांधाऐवजी चार फुटांची ती सवलत अजून आहे. आता तिथे साधी फळी वापरून तिच्या खालून पाच-अष्टमांश इंचाचा आगरोधक जिप्समचा तक्ता ठोकण्याचीही मुभा असते.